‘विचार करतो’ म्हणजे काय?

मागचा स्तंभ वाचून पुण्यातल्या एका मुलीने विचारलं, ‘बी.कॉम.ला आहे, संध्याकाळी जपानी शिकते, एन-थ्री झालीये. नोकरी मिळेल ना?’ मिळेल. चाकण-रांजणगाव पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत. पण बहुधा तिला दुभाषी म्हणून बसवतील; ताळेबंद वाचता येतो का, हे कुणी विचारणारही नाही.

दोष तिचा नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-फाइव्ह ते एन-वन अशा पाच पायऱ्या. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात. बोलण्याची परीक्षाच नाही. कॉलेजात कॉस्टिंग, क्लासात कांजी. दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांना कधी भेटत नाहीत.

आणि खरी गंमत तर मधल्या जागेत असते. दर सांगून झाल्यावर जपानी पाहुणा म्हणतो, ‘केन्तो शिमास’. शब्दशः, विचार करतो. दुभाषी तसंच सांगतो आणि आपले साहेब ऑर्डर खिशात पडल्याच्या आनंदात चहा मागवतात. पुष्कळदा तो सभ्य नकार असतो. खरं तर हे आपल्याला कळायला हवं. मुलाकडचे ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणाले की कुणी पंचांग उघडून वाद घालतं का?

उलटा घोटाळाही होतो. बाहेरच्या माणसासमोर स्वतःच्या साहेबांचं नाव घेताना जपानी माणूस ‘सान’ हा आदराचा प्रत्यय गाळतो. घरच्यांना परक्यापुढे मोठेपणा द्यायचा नाही. आपल्याकडे ‘आमचे साहेब येताहेत’ऐवजी ‘पाटील येतोय’ म्हणून बघा.

भाषा आणि व्यापार एकत्र शिकवता येतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये, युद्धकाळातल्या वैमानिक प्रशिक्षणाच्या तळावर, 1946मध्ये थंडरबर्ड ही संस्था सुरू झाली. परदेशी व्यापार, भाषा आणि त्या त्या प्रदेशाचा अभ्यास ही तिथे एकाच शिक्षणाची तीन अंगं होती. आपल्याकडे यूजीसीने 2022मध्ये एका वेळी दोन पदव्यांची मुभा दिली. चांगलंच झालं. पण दोन ताटं शेजारी मांडली म्हणजे पंगत होत नाही. निदान जपानीच्या वर्गात एखादं खरंखुरं कोटेशन वाचावं, वाणिज्यच्या वर्गात परदेशी ग्राहकाशी झालेला एक फसलेला सौदा उलगडून बघावा. यासाठी नवीन इमारत लागत नाही.

त्या मुलीला म्हटलं, कॉस्टिंगच्या पुस्तकातलं एक उदाहरण घे आणि त्यातली किंमत का वाढली, हे जपानीत समजावून सांगायचा प्रयत्न कर.

‘बघते सर,’ ती म्हणाली.