शर्यतीपूर्वींचा आठवडा

बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं बोटीनें युरोपांत गेले व बेल्जियममधील अँटवर्प येथें ऑलिंपिकच्या ४२.७५ किलोमीटरांच्या मॅरेथॉन शर्यतींत एकोणिसावे आले. असा दम एका आठवड्यांत कमावतां येत नाहीं; शिवनेरीच्या पायऱ्या नित्य चढणाऱ्या जुन्नर-आंबेगांवच्या मुलांस हें सांगावयास नको. परदेशच्या शर्यतीपूर्वीं शेवटच्या दिवसांत पाय कितीही शिवशिवले तरी हौशी धांवपटूनें धांव कमी करावी. त्या वेळीं अधिक श्रमानें बळ वाढत नाहीं, शीण मात्र वाढतो. मग परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण कां? पालकांनींही त्या रात्रीं दिवा मालवून मुलांस वेळेवर निजवावें. वर्षभर उद्योग आणि शेवटीं संयम, हीच खरी तयारी होय.