कीर्तनकारालाही रजा हवी

आपल्या उज्जैनच्या मराठी मंडळींत एक वाक्य मोठ्या कौतुकाने बोलले जाते : "बुवा सकाळी अवंतिका एक्स्प्रेसने उतरले, दुपारी तीन घरी जाऊन आले, संध्याकाळी कीर्तन, रात्री पुन्हा भजन, पण चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही!" प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. आज त्यात कौतुकापेक्षा आपली बेपर्वाईच अधिक दिसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

नारदीय कीर्तनकार दोन-अडीच तास उभा असतो. नमनापासून उत्तररंगाच्या आख्यानापर्यंत गाणे, बोलणे, अभिनय सारे त्यानेच करावयाचे आणि शिवाय थंड बसलेल्या सभेकडून गजरही करवून घ्यावयाचा. तिथी कोणासाठी थांबत नाही. रामजन्म माध्यान्ही, हनुमानजन्म सूर्योदयी. मग इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर अशी एकामागून एक आमंत्रणे. त्यात आपला आग्रह असा की, कीर्तन आटोपल्यावर बुवांनी आणखी एका घरी जेवावे आणि तेथे 'एकच' अभंग म्हणावा.

काही वर्षांपूर्वी एका उत्सवाचा हिशेब माझ्याकडे होता आणि पाहुणे कीर्तनकार आमच्याच घरी उतरले होते. सहाव्या रात्री ओसरीवर बसून ते म्हणाले, "आख्यान तोंडपाठ आहे हो, पण बोलताना मी तेथे नसतोच. लोक हसले की कळते, विनोद होऊन गेला." मी त्यांना गरम दूध दिले आणि दुसऱ्या दिवसासाठी आणखी दोन घरे कबूल केली. हे लिहिताना संकोच वाटतो.

या अवस्थेला आता नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली : शक्तिपात, कामाविषयी दुरावा आणि कामाचा उतरलेला कस. संघटना तिला रोग म्हणत नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणजे बुवांना प्राणायाम आणि ज्येष्ठमध सुचवून आपली सुटका नाही. कामाचे वेळापत्रक आखतो कोण? आपण!

यावर 'कीर्तन ही सेवा आहे, सेवेला तास कसले?' असा आक्षेप येतो आणि कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये, हे तुकोबांचे मत पुढे केले जाते. मत थोरच आहे. परंतु तुकोबा देहू-लोहगावच्या परिसरात कीर्तन करीत. रात्रभराचा रेल्वेप्रवास करून परक्या घरी उतरत नव्हते. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच देह ठेवला, हेही सांगितले जाते. तो मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता. पाहुण्यावर तो लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? संस्थानी काळात कीर्तनकाराला राजाश्रयाचा आधार मिळू शकत असे. १९४८ मध्ये ग्वाल्हेर आणि इंदूर संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तो आश्रय सरला, आणि बिदागीचे पाकीट एवढे पातळ राहिले की एकही आमंत्रण नाकारणे परवडू नये.

मी शासनाच्या सेवेत दौरे केले. प्रवासभत्ता होता, विश्रामगृहाची खोली होती, अर्जित रजा होती. रात्री दहानंतर कोणी फाईल घेऊन आला तर चौकीदार त्याला फाटकावरूनच परत पाठवी, आणि त्यामुळे मला कोणी गर्विष्ठ म्हटले नाही. बुवांनी 'नाही' म्हटले की मात्र लगेच 'बुवा फार चढले' अशी कुजबुज होते! बुवांचाही थोडा दोष आहे. डायरीतली एक ओळ कोरी ठेवण्याचे धैर्य त्यांनी करावयास हवे. पण त्या धैर्याची किंमत आज त्यांना एकट्यालाच मोजावी लागते.

रामनवमी उत्सवाच्या बैठकीत मी एक कागद ठेवणार आहे. दिवसाला एकच कीर्तन. बिदागी पत्राने आधी ठरावी, निम्मी तिकिटासोबत पाठवावी. उतरण्यासाठी आतून कडी लागणारी खोली असावी. नऊ दिवसांतला पाचवा दिवस सुटीचा. त्या दिवशी आपल्याच मुलामुलींनी किंवा महिलांच्या भजनी मंडळाने सेवा करावी. तेवढ्याने उत्सव बुडत नाही, उलट गावात दोन नवे आवाज तयार होतील.

पहिला आक्षेप माझ्याच घरातून आला आहे : "मग बुवांना जेवायला बोलवायचे तरी कधी?" पाचव्या दिवशी, तेही त्यांनी आपण होऊन विचारले तर.