मुरदोलीचा रस्ता रात्री बंद करा

दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००३ साली भर शहरातला वर्दळीचा उड्डाणमार्ग पाडायला घेतला आणि त्याखाली गाडलेला ओढा मोकळा केला. तसा गोंदिया-कोहमारा रस्ता उखडा, असे आमचे म्हणणे नाही. रुग्ण, धान, विद्यार्थी याच वाटेने जातात. पण ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारच्या धडकेने जायबंदी झालेला वाघ खुरडत झाडीत शिरला आणि उपचाराला नेताना दगावला. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पालगतची जनावरांची वाट हा रस्ता तोडतो. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका मात्र अडवत नाहीत. तोच नियम इथेही हवा. नुसत्या फलकांवर भागवणे आता पुरे. जनावरांसाठी भुयारी मार्ग होतील तेव्हा होतील, रात्रीचे फाटक प्रशासनाने पावसाळ्याआधी बसवावे.