धूळ गेली कुठे?

आधीच सांगतो, दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हे इंग्लिश सेक्शनला द्यावंसं वाटलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते काका मराठी बोलतात.

गेल्या सेमिस्टरला मेसमध्ये नवे ओटे बसवत होते. काका आमच्या खिडकीखाली ग्रॅनाइट कापायचे. ऐन सबमिशनच्या वेळी जर्नलवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे भुकटी! आम्ही वैतागून अर्ज केला. पहिली सही माझी. दोन दिवसांत प्रश्न सुटला. कसा? काकांना मागच्या स्टोअररूममध्ये बसवलं आणि दार लावून घेतलं.

एकदा ते दार उघडं दिसलं. आतला ट्यूबलाइटसुद्धा धूसर. काकांच्या पापण्या पांढऱ्या, तोंडाला रुमाल. विचारलं, "काका, पाणी सोडून का कापत नाही?" म्हणाले, "चिखल होतो रे बाळा. तो काढत बसलो तर काम कधी उरकणार? पैसे फुटावर मिळतात."

त्या रात्री नेटवर वाचत बसलो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते रुमालातून आरपार जातात आणि थेट फुफ्फुसाच्या तळाशी बसतात. शरीर ते पचवू शकत नाही. तिथे व्रण होतात, फुफ्फुस कडक होत जातं. हाच सिलिकोसिस. लक्षणं बहुधा कित्येक वर्षांनी दिसतात, काम सोडलं तरी आजार वाढू शकतो, आणि पूर्ण बरं करणारं औषध नाही. टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच. कॅन्सर होतो हेही १९९७ मध्ये मान्य झालंय. किचनच्या कृत्रिम क्वार्ट्‌झ ओट्यात तर सिलिका ९० टक्क्यांच्या वरही असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

मला राग येतो तो आपल्याच उपायाचा. आपण धूळ कमी केली नाही, फक्त आपल्या नजरेआड केली. दार लावल्यावर ती सगळी एकाच माणसाच्या छातीत गेली. मास्क वाटणं हाही शेवटचा उपाय, पहिला नाही. धूळ मुळात उडूच न देणं हे इंजिनिअरचं काम. पात्यावर पाणी सोडणारा कटर, शॉक लागू नये म्हणून ईएलसीबी, जमेल तिथे धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूम. यात रॉकेट सायन्स काही नाही! फक्त हे टेंडरमध्येच लिहायला हवं, आणि चिखल काढायच्या वेळेचे पैसेही द्यायला हवेत. नाहीतर फुटावर पोट असलेला माणूस पाणी बंदच ठेवणार.

काका काम संपवून कधीच गेले. पण कॉलेजमध्ये बांधकाम काही थांबत नाही. पुढच्या वेळी अर्जात "धूळ लांब न्या" लिहायचं नाही, "धूळ उडू देऊ नका" असं लिहायचं.

पहिली सही पुन्हा माझीच. दुसरी कोणाची?