परदेश काय फक्त सिडनीलाच?

सिडनीला स्थायिक झालेल्या जोडप्याचे अनुभव आपण किती चवीनं वाचतो! भाड्याचं घर, कढीपत्त्याची शोधाशोध, तिथला गणपती... वाचावं, हरकत नाही. पण मंडळी, सुरतेचं काय?

अमळनेर, नंदुरबारकडची हजारो जोडपी ताप्ती लाईनच्या गाडीत बसून सुरतेला गेली. उधना, लिंबायतच्या खोल्यांत त्यांनी संसार मांडले. नवरा बारा बारा तास लूमवर, बायको घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. घरात अहिराणी, बाजारात गुजराती. आणि मुलांसाठी मराठी शाळा आहेत, त्याही सुरत महापालिकेच्या! जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील तर २००९ पासून नवसारी मतदारसंघाचे खासदार आहेत.

भाषा बदलली, शेजार बदलला, सण परक्या गावात साजरे झाले. मग सिडनीकर तेवढा 'अनिवासी' आणि सुरतेचा माणूस 'पोटासाठी गेलेला', हे कसं? सिडनीकराला काय पोट नसतं? हाच खानदेशी माणूस उद्या म्हापशाला कामाला आला, तर आपण गोंयकार त्याला सरळ 'घाटी' म्हणून मोकळे होणार!

असो. मराठी जगभर पोचली म्हणून छाती फुगवायची असेल तर खुशाल फुगवा. मोजणी मात्र उधन्यापासून सुरू करा.