टपालपेटीतील कीड



धान्याच्या वखारीत उभे आयुष्य गेलेल्या आणि मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या माणसाने संगणकाविषयी लिहावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु मसाट येथील आमच्या पेढीवर गेल्या वर्षी जो प्रसंग गुदरला, त्यानंतर गप्प बसणे मला प्रशस्त वाटत नाही.

एके सकाळी अँटिव्हायरसने पडद्यावर तांबडी सूचना दाखविली की, टपालपेटीत विषाणू सापडला आहे. खाली ‘काढून टाका’ अशी कळ होती. चिरंजीवांनी ती दाबली. विषाणू गेला, आणि त्याबरोबर तीन वर्षांची ई-पत्रेही गेली! पत्रे उतरवून घेतल्यावर ती सर्व्हरवर न ठेवण्याची आमची पद्धत. तेव्हा परत मागावीत कोणाकडे? पुढे एका व्यापाऱ्याने ठरलेला भाव नाकबूल केला, तेव्हा दाखवावयास आमच्याजवळ काही उरले नव्हते.

असे का व्हावे, हे मी जाणत्यांकडून समजून घेतले. आपणांस पडद्यावर हजार पत्रे निरनिराळी दिसतात. पण थंडरबर्डसारख्या कार्यक्रमात एका कप्प्यातील सर्व पत्रे एकाच फायलीत एकापुढे एक लिहिलेली असतात. आउटलुकची पीएसटी फाइल तर सगळे कप्पे एकत्र पोटात घेते. अँटिव्हायरसच्या लेखी ही अवघी पेटी म्हणजे एक फाइल. एका पोत्यात सोंडकिडा दिसला म्हणून कोणी सबंध थप्पी पेटवून देतो काय? येथे नेमके तेच घडते.

झिप गाठोड्याची गोष्ट थोडी निराळी. अँटिव्हायरस ते आतल्या आत उलगडून तपासतो. काही कार्यक्रम झिपमधून दूषित फाइल वेगळी काढूही शकतात. रार प्रकारात मात्र उलगडण्याची मुभा सर्वांना, बांधण्याची विद्या कर्त्याने स्वतःकडे राखलेली. म्हणून तेथे बहुधा सगळे गाठोडे टाकावे तरी लागते किंवा तसेच ठेवावे लागते. गाठोड्यातील विषाणू ते सोडून आतील फाइल चालविल्यावाचून काही करू शकत नाही, आणि चालू राहिलेला पहारा बहुधा त्याच क्षणी त्यास पकडतो. परवलीचा शब्द घातलेले गाठोडे मात्र पहारेकऱ्यासही बंद. २००४ साली बेगल नावाच्या विषाणूने हाच मार्ग धरला: कुलूप लावलेले झिप, आणि किल्ली त्याच पत्रात! अँटिव्हायरसवाले पत्रातून तो शब्द वाचू लागले, तर पुढे तो चित्र म्हणून येऊ लागला. अनोळखी माणूस कुलूप व किल्ली एकदम पाठवतो, तेव्हा त्यात बिल नसते, एवढे व्यापाऱ्यास तरी कळावे.

या अनुभवावरून आमच्यातील काही मंडळी अँटिव्हायरसच नको म्हणू लागली. मला हे मुळीच मान्य नाही. पुण्याच्या काटकर बंधूंनी क्विक हील उभे केले, ते गरज होती म्हणूनच. माझी तक्रार आपल्या आळसाविषयी आहे. टपालपेटी व गाठोडी यांच्यापुरती ‘आपोआप काढा’ ही योजना बंद करून ‘फक्त कळवा’ ठेवावी. सूचनेत पत्राचा विषय वा तारीख बहुधा दिलेली असते. ते एकच पत्र आपल्या हाताने काढावे, कचरापेटीही रिकामी करावी, आणि थंडरबर्ड असल्यास कप्पा आवळून घेण्याची आज्ञा द्यावी. ती न दिल्यास काढलेले पत्र फायलीत तसेच पडून राहते व तांबडी सूचना पुन्हा येते. लोक नेमके येथेच वैतागतात आणि नको ती कळ दाबतात.

आमच्याकडे आता दर शनिवारी पेटीची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती तिजोरीत ठेवतात. त्या सौद्यातील फरकाची रक्कम गेल्या दिवाळीस आम्ही बुडीत खाती टाकली.