स्कूबाला जाताय? बोटीवर ऑक्सिजन आहे का, ते आधी विचारा

मे महिन्यात माझ्या चिंचपोकळीच्या दवाखान्यात गर्दी ओसरते. लालबाग-परळची निम्मी माणसे गावी गेलेली असतात. परत आली की मोबाइलवर मालवणचे पाण्याखालचे व्हिडिओ दाखवतात. मलाही ते बघायला आवडतात.

एकदा पंचेचाळिशीचे एक गृहस्थ कान दुखतो म्हणून आले. कानाच्या पडद्याला सूज होती, मागे रक्त साकळले होते. अंगात सर्दी असताना स्कूबा केले होते. शिवाय रक्तदाबाची गोळी चालू. मी विचारले, "पाण्यात उतरण्याआधी कोणी काही विचारले नाही?" म्हणाले, "विचारले ना डॉक्टर. व्हिडिओ हवा का, आणि कागदावर सही."

त्यांचा कान तीन आठवड्यांत बरा झाला. पण त्या बोटीवर काही गंभीर घडले असते तर?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली. वीसजण होते, दोन पर्यटकांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर झाला. म्हणून डायव्हिंग संपले की जॅकेट काढून फोटो काढत बसू नका. किनाऱ्यावर पाय टेकेपर्यंत ते अंगात, पट्टे बांधलेले हवे.

पाण्याखालचा धोकाही समजून घ्या. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीभर हवा घेतली आणि घाबरून श्वास रोखून वर आलात, तर ती हवा फुगत दुप्पट होऊ पाहते. फुफ्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूत जाऊ शकतात. अगदी उथळ पाण्यातही हे घडू शकते. म्हणून पहिला नियम: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

वर आल्यावर छातीत दुखणे, दम लागणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर रुग्णाला आडवे झोपवून लगेच मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि रुग्णालय गाठायचे. यावरचा पुढचा उपचार म्हणजे दाबकक्षात ऑक्सिजन देणे. अशी सोय गावोगावी नसते. तोवरचा आधार बोटीवरचा ऑक्सिजनच. लक्षात ठेवा, डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये साधी हवा असते. ऑक्सिजनचा सिलिंडर वेगळा लागतो.

बुडालेल्या माणसाला उलटे धरून पोट दाबण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ते करू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा आणि दोन्ही आलटून पालटून चालू ठेवा. १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. काही तासांनी श्वास बिघडू शकतो.

पैसे देण्याआधी एवढे विचारा:

• ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क कुठे आहे? दाखवता का?
• तो द्यायला आणि छाती दाबायला कोण शिकलेले आहे?
• बोटीची क्षमता किती, आज किती माणसे चढणार?
• आम्ही पाण्यात असताना बोटीवर कोण थांबणार?
• काही झाले तर कोणत्या रुग्णालयात नेणार?

आणि स्वतःला विचारा: दमा, हृदयविकार, फिट येणे, गरोदरपण, सर्दी, कालची दारू? यांपैकी काही असेल तर उतरू नका. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटा. स्कूबानंतर किमान १२ तास, एकाहून जास्त वेळा उतरला असाल तर १८ तास विमानप्रवास टाळा.

कोणी म्हणेल, डॉक्टर, एवढ्याने कोकणातला धंदा बसेल. मला उलटे वाटते. धंदा बसतो तो अपघाताने. बोटीला परवाना देताना ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणूस प्रत्यक्ष पाहावा, आणि त्याचा फलक तिकिटाच्या जागी लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो फलक लागेपर्यंत विचारण्याचे काम आपले आहे. जो बोटवाला न चिडता सिलिंडर काढून दाखवेल, त्याच्याच बोटीत बसा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.